दुसऱ्या ओळीवरची सही

कोर्टाच्या तळमजल्यावर, जिन्याखालून डावीकडे वळलं की नक्कल विभाग लागतो. तिथे भर दुपारीही दिवा लावावा लागतो. खिडकीमागे एक बाई बसते. तुम्ही अर्ज आत सरकवा, ती वाचेल, मान हलवेल आणि म्हणेल, "हो." चार दिवसांत मिळेल का? हो. आजच मिळाली तर बरं होईल? हो. नवे वकील म्हणतात, इतकी गोड बाई सरकारी खात्यात दुसरी सापडायची नाही. म्हणोत बापडे. जुने आहेत, ज्यांनी या खिडकीवर वर्षानुवर्षं बोलणी खाल्ली आहेत, ते नक्कल हातात पडली की खिडकीकडे पाठ न करता दोन पावलं मागे सरकतात आणि मगच वळतात. का, म्हणून विचारलं तर घड्याळ बघतात. ते सांगत नाहीत म्हणून मग दुसऱ्या कुणाला तरी सांगावं लागतं.

तिला सगळे बरहुकूमबाई म्हणत. नकलेच्या तळाशी 'अस्सल बरहुकूम', म्हणजे मुळाप्रमाणे हुबेहूब, असं टाइप करायची पद्धत होती, आणि तिची नक्कल खरोखरच तशी असे. मुळात शाईचा डाग पडलेला असला तर ती कंसात 'येथे डाग' असं लिही. एका जुन्या निकालपत्रात माशी चिरडून चिकटलेली होती, तिथे तिने 'येथे माशी' लिहिलं. मक्षिकास्थाने मक्षिका म्हणतात ते हेच. साहेब चिडले. ती म्हणाली, "माशी काढायची तर अस्सलातून काढा. नकलेतून मी काढणार नाही."

हा 'नाही' तिचा फार लाडका. लग्नाला नाही, बढतीच्या बदलीला नाही, शेजारणीच्या भिशीला नाही. आईशी तर सकाळी उठल्यापासून. "पाणी गरम आहे गं" म्हटलं तर "नाही, कोमट आहे." आई म्हणायची, "देवाने हिला जीभ दिली आणि तिच्यावर एकच शब्द ठेवला." घरात दोघीच. वडील लवकर गेलेले. आईचे गुडघे धरलेले, त्यामुळे स्वयंपाकघर ते पलंग ते खिडकी एवढंच तिचं जग. आणि त्या जगात भांडायला एकच माणूस, ते संध्याकाळी सहाला घरी येई.

आता नकलेचं काम कसं चालतं ते एकदा ऐकून घ्या, पुढे लागेल. नक्कल टाइप झाली म्हणजे झाली असं नसतं. तिची रुजवात घ्यावी लागते. एकाने अस्सल कागद मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने नकलेवर बोट ठेवून ऐकायचं आणि ओळीओळीला 'हो' म्हणायचं. चूक आढळली तर 'नाही'. मग तळाशी दोन सह्या होतात. पहिली ओळ, 'नक्कल करणार'. दुसरी ओळ, 'रुजवात घेणार'. दोन माणसं, दोन सह्या. त्यावर 'खरी नक्कल' असा शिक्का. खरी आणि नक्कल हे दोन शब्द शेजारी कसे बसतात, हे कोर्टालाच ठाऊक.

बरहुकूमबाईच्या रुजवातीला अकरा वर्षं एकच माणूस होता. त्याला होकाका म्हणत. कानाने थोडा मंद, पण बोट पक्कं. ती वाचे, तो 'हो' म्हणे. दिवसाला पाचसातशे हो. कुणी चेष्टा केली, की काका, घरी काकूंनाही असंच म्हणता का, तर तो चष्मा पुसत म्हणे, "हो म्हणायला भिंतसुद्धा चालते रे. इथे माणूस बसवलाय तो नाही म्हणण्यासाठी."

त्या खोलीत तीन खुर्च्या. एक तिची, एक काकाची, आणि तिसरी घाई असलेल्या वकिलाने टेकावं म्हणून. या तिसरीच्या बैठकीची वेताची वीण फाटलेली, कुणी बसलं की ती कर्र करून सांगे.

अकरा वर्षं दुसऱ्यांचे निकाल टाइप करून बाईच्या मनात एकच गोष्ट घर करून बसली. की यातले अर्धे चुकलेत. तिने संध्याकाळच्या वर्गाला जाऊन कायद्याची पदवी घेतली. तिथले सर तिला घाबरत. ती पहिल्या बाकावर बसे आणि सरांनी निकाल समजावून दिला की म्हणे, "नाही पटलं." शेवटी सरांनीच एक दिवस एक जाहिरात तिच्या पुढ्यात टाकली. परदेशातलं एक विद्यापीठ, वर्षभराचा पुढचा अभ्यासक्रम, बाहेरच्या देशातून येणाऱ्या एका विद्यार्थ्याला पूर्ण शिष्यवृत्ती. "तिथे जाऊन भांडा," सर म्हणाले. "ते लोक भांडायचे मार्क देतात."

अटींचा कागद लांबलचक होता. पदवीच्या गुणपत्रिका विद्यापीठाच्या बंद पाकिटात. भाषेची परीक्षा, ती तिने आधीच दिली होती. शिकवणाऱ्याचं शिफारसपत्र. पोलिसांचा दाखला. छातीचा फोटो आणि डॉक्टरची सही. जन्मदाखल्याची प्रमाणित नक्कल. आणि सगळ्यात शेवटी, अर्जदाराने मूळ कागदांसह विद्यापीठाच्या इथल्या कचेरीत स्वतः हजर व्हावे. त्याच्या वर बारीक अक्षरात आणखी एक होतं. पुढल्या महिन्याच्या सोळा तारखेला अर्जदाराची पस्तीस वर्षे पूर्ण झालेली नसावीत.

तिची पस्तिशी सतराला पूर्ण होत होती. एका दिवसाने ती वाचत होती. यंदा नाही तर मग कधीच नाही.

आईला सांगितलं तेव्हा आई खिडकीशी बसली होती. तिने खिडकीचा पडदा जरा सारला. मग म्हणाली, "जा. माझं काय, मी बसेन बोलत भिंतीशी."

"भिंत उत्तर देत नाही."

"तेवढंच बरं," आई म्हणाली, आणि दोघी हसल्या. पण त्या रात्री बाईला झोप लागली नाही ती त्या भिंतीपायी.

अर्ज टपालात पडायचा शेवटचा दिवस गुरुवार. बाकीचे कागद हजर होताना न्यायचे होते, अर्जासोबत लागत होती फक्त जन्मदाखल्याची नक्कल, आणि तीच राहिलेली. दाखला आईच्या ट्रंकेत होता आणि ट्रंकेची किल्ली आईने इतकी जपून ठेवली होती की ती गुरुवारी सकाळी सापडली. दुपारी चारला बाईने टाइप करून घेतलं. आता रुजवात. तर होकाका दाढ काढायला गेलेले. साहेब बैठकीत. टपाल पाचला बंद.

स्वतःच्या कागदाची नक्कल स्वतः करू नये, हा नियम तिने दुसऱ्यांना शंभरदा ऐकवला असेल. पण आपलेच दात आणि आपलेच ओठ, करते काय. तिने दार लोटलं. अस्सल डाव्या हाताला, नक्कल उजव्या हाताला. स्वतःच मोठ्याने वाचलं आणि स्वतःच 'हो' म्हटलं. नाव, हो. आईचं नाव, हो. तारीख, हो. वाचणारी तीच आणि ऐकणारीही तीच, मग नाही कोण म्हणणार? डोळ्याला जे ठाऊक असतं तेच तो बघतो.

मग पहिल्या ओळीवर तिने सही केली. दुसऱ्या ओळीवर तीच सही दिसायला बरी नाही, म्हणून पेन जरा तिरकं धरून, अक्षरं उजवीकडे झुकवून, दुसऱ्या कुणाची वाटेल अशी केली. शिक्का मारला. पाकिटात घातलं. ती उठली तेव्हा मागे कर्र असा आवाज झाला.

तिने वळून पाहिलं. तिसरी खुर्ची रिकामी होती. फक्त फाटलेली वीण हळूहळू खाली जात होती, कुणी सावकाश भार टाकावा तशी.

उशीर होत होता. ती टपालाकडे पळाली.

सोमवारी ती विद्यापीठात गुणपत्रिकांच्या खिडकीवर गेली. कारकुनाने तिच्याकडे पाहिलं आणि वैतागला. "बाई, काल तर नेलंत पाकीट."

"काल रविवार होता."

"तेच म्हणतोय. तुमच्यासाठी खास उघडायला लावलंत. सही आहे तुमची." त्याने वही फिरवून दाखवली. सही होती. अक्षरं उजवीकडे झुकलेली.

ती म्हणाली, "ही माझी नाही."

"मग कुणाची? मी समोर बसून घेतलीय. आणि बाई, राग मानू नका, पण काल तुम्ही फार छान बोललात. मी म्हटलं, थोडं थांबता का, तर हो म्हणालात. दोन तास उभ्या होतात. पंखा लावू का विचारलं, हो. बंद करू का विचारलं, हो."

बुधवारी ती पोलिसांच्या कचेरीत गेली. हवालदाराने तिला पाहून कपाळाला हात लावला. "काल ठसे दिलेत ना? पुन्हा कशाला?" तिने मी आलेच नाही म्हटल्यावर त्याने तिचा अंगठा धरला, शाईत बुडवला आणि कालच्या ठशाच्या शेजारी कागदावर टेकवला. "घ्या. रेघेला रेघ." खरंच रेघेला रेघ होती. तिने बोट पुसलं आणि सहज म्हणून कालच्या ठशाला लावलं. कालचा ठसा अजून ओला होता. तिचा वाळून गेला होता.

आता इथे कुणीही शहाण्या माणसाने कानाला खडा लावून घरी बसायला हवं होतं. पण अटी पुऱ्या करणाऱ्या माणसाला शहाणपण परवडत नाही. तारीख पुढे सरकत असते.

छातीचा फोटो काढणारा तंत्रज्ञ तिला बघून खुर्चीतून अर्धा उठला. त्याच्या चेहऱ्याचा रंग उतरला होता. "काल मी तुम्हाला म्हटलं श्वास रोखा," तो म्हणाला. "तुम्ही रोखलात. तेवढ्यात फोन आला म्हणून मी बाहेर गेलो. सोडा म्हणायला विसरलो. परत आलो तर दहा मिनिटं झाली होती. तुम्ही तशाच. छाती फुगलेली, डोळे उघडे. मी म्हटलं, बाई, सोडा. तेव्हा सोडलात." त्याने फोटो उजेडाला धरला. फासळ्या स्वच्छ, सुरेख, सारख्या अंतरावर आखल्यासारख्या. "फोटो मात्र उत्तम. हलला नाही जरासुद्धा."

शेवटी ती सरांकडे गेली. सर दारातच म्हणाले, "शिफारसपत्र काल दिलं की. आणखी काय?" मग चष्म्यावरून तिच्याकडे बघत राहिले. "बरं वाटत नव्हतं का काल? मी मुद्दाम एक भिकार निकाल काढला. म्हटलं, बघू काय म्हणता. तुम्ही म्हणालात, हो, बरोबर आहे. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. पत्र दिलं मी, चांगलं दिलं. पण तुम्ही गेल्यावर मला उगाच वाईट वाटलं."

बाई घरी आली. दार उघडायच्या आधीच आई आतून म्हणाली, "आज भांडायचंय वाटतं. पायांच्या आवाजावरून कळतं."

"काल नाही भांडले?"

"काल?" आईने आठवून पाहिलं. "काल मी म्हटलं, भाजी खारट झालीय ना, तर हो म्हणालीस. मग म्हटलं, अळणी झालीय ना, तर हो म्हणालीस. मी ताट उचलून आत नेलं. काल मला तुझी जरा भीती वाटली गं."

आई हे हसून म्हणाली. पण तिने पदर घट्ट ओढून घेतला होता, उकडत असताना.

काल संध्याकाळी बाई जादा कामासाठी कोर्टातच आठपर्यंत बसली होती. घरी आली तेव्हा आई झोपली होती आणि दोन ताटं घासून पालथी घातलेली होती. तिने तेव्हा फार विचार केला नव्हता. आता केला.

दुसऱ्या दिवशी तिने कोर्टातला स्वतःचा खण उघडला, शिक्क्याची शाई काढायला. काखेत कळसा तो हाच. खणात एक फाइल होती. बंद पाकीट, पोलिसांचा दाखला, डॉक्टरची सही, सरांचं पत्र. सगळं अटींच्या क्रमाने लावलेलं, एकेका कागदाला कोरी पट्टी, पट्टीवर टाइप केलेलं 'अस्सल बरहुकूम'. तिने स्वतः लावली असती तर इतकी नीट लागली नसती. वर टाचणीने एक चिठ्ठी. त्यावर काही लिहिलेलं नव्हतं.

खरं सांगायचं तर तिला आनंदच झाला. भीती होती, पण भीतीच्या खाली चांगला घसघशीत आनंद होता. महिनाभराची वणवण कुणी तरी फुकटात करून दिली होती. कुणी, हे विचारलं नाही तर चालणार होतं. कचेरीत हजर व्हायची तारीख बावीस होती. आज एकवीस. फाइल उचलायची आणि उद्या अकराला जायचं, एवढंच.

होकाका दाढेच्या जागी जीभ फिरवत बसले होते. म्हणाले, "रुजवात घेतलीस?"

"कशाला? कागद पूर्ण आहेत."

"पूर्ण असणं वेगळं, बरोबर असणं वेगळं. तू मला सांगतेस?"

तिने टाळाटाळ केली. आज वेळ नाही, हे नकला नाहीतच, हे दाखले आहेत. काकांनी ऐकलं नाही. ते कानाच्या दोषाने की स्वभावाच्या, ते सांगता यायचं नाही. "आज उलटं करू," ते म्हणाले. "तू तुझेच कागद वाचशील तर डोळा फसेल. अस्सल माझ्याकडे दे, मी वाचतो. तू फाइल धर आणि हो म्हण."

आईच्या ट्रंकेतला जन्मदाखला त्यांनी उजेडाकडे तिरका धरला. बाईने फाइलमधला पोलिसांचा दाखला पुढ्यात घेतला, बोट ठेवलं. दहाचा सुमार. बाहेर जिन्यावर वकिलांची वर्दळ, हसण्याचे आवाज.

"नाव," काकांनी वाचलं.

"हो."

"आईचं नाव."

"हो."

"जन्म, तारीख सतरा."

तिचं बोट थांबलं. कागदावर सोळा होतं. तिने डॉक्टरचा कागद ओढला. सोळा. सरांच्या पत्रात जन्मतारीख, सोळा. सगळ्यात खाली गुरुवारच्या नकलेची कार्यालयीन प्रत होती, दोन सह्यांची. सोळा. टाइपरायटरवर सहा आणि सात शेजारी शेजारी असतात. अकरा वर्षांत तिचं बोट घसरलं नव्हतं. घसरलं ते नेमकं स्वतःवर, आणि ऐकायला समोर कुणी नव्हतं. तिने 'नाही' म्हणायला तोंड उघडलं.

"हो," खोलीत आवाज आला.

तिच्याच आवाजात. तिसऱ्या खुर्चीकडून.

काकांनी मान हलवली आणि पुढची ओळ वाचायला घेतली. "जन्मस्थळ..."

"काका, थांबा. मी नाही म्हटलं."

काकांनी चष्म्यावरून पाहिलं. "नाही म्हणालीस, की म्हणालीच नाहीस?"

"दोन्ही."

काकांनी हळूच मान वळवून तिसऱ्या खुर्चीकडे बघितलं. वेताची वीण वर येत होती, कुणी नुकतंच उठून जावं तशी. काकांनी दाखला टेबलावर ठेवला आणि त्यावर पेपरवेट ठेवलं, वारा नसताना. "गुरुवारी माझ्या जागी कुणी सही केली?" त्यांनी विचारलं. तिने सांगितलं. "जागा रिकामी ठेवायची होतीस," ते म्हणाले. "दुसऱ्या ओळीवर सही केली की दुसरं माणूस धरलं जातं. कागद तसंच धरतो. आता ती आहे."

"ती माझ्या एक दिवस आधी जाते. सगळीकडे."

"जाणारच. एका दिवसाने मोठी केलीस ना तिला."

आणि मग बाईच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हजर व्हायची तिची तारीख उद्याची. म्हणजे ती दुसरी आज जाणार. सोळा तारखेचा जन्म घेऊन. सोळाला पस्तिशी पूर्ण. तिथला अधिकारी विचारणार, आणि ती हो म्हणणार, आणि फाइल कायमची बंद होणार.

तिने पेपरवेट बाजूला केलं, दाखला उचलला; पुढ्यातली फाइल मात्र नाहीशी झाली होती. ती निघाली. काका मागून म्हणाले, "काहीही झालं तरी तिच्याशी वाद घालू नकोस. ती हरणार नाही. ती तुझ्याच बाजूने बोलेल."

कचेरी शहराच्या दुसऱ्या टोकाला, काचेच्या दारांची. आत गारवा, भिंतीला लागून खुर्च्यांची रांग, मध्ये एकच टेबल. रांगेत कुणी नव्हतं. टेबलाशी एक बाई पाठमोरी बसली होती. तपकिरी पिशवी मांडीवर. काळी छत्री खुर्चीच्या हाताला अडकवलेली, तिची मूठ फुटलेली. बरहुकूमबाईने आपल्या हाताकडे पाहिलं. हातात तपकिरी पिशवी, काळी छत्री, मूठ फुटलेली. आपला अंबाडा मागून इतका विरळ दिसतो, हे तिला आजच कळत होतं. तेवढ्यातही तिला त्याचा राग आला.

पलीकडे बसलेला अधिकारी तरुण होता, कंटाळलेला. "तुमची वेळ खरं तर उद्याची आहे."

"हो."

"असो, गर्दी नाही. कागद आपलेच?"

"हो."

"जन्म सोळा तारखेचा?"

"हो."

"म्हणजे येत्या सोळाला पस्तीस पूर्ण?"

"हो."

"मग तुम्ही अपात्र ठरता. कळतंय ना?"

"हो," ती म्हणाली, त्याच शांत, गोड आवाजात. त्याने शिक्का उचलला.

"नाही," बरहुकूमबाई दारातून म्हणाली.

अधिकाऱ्याने वर पाहिलं. मग समोर पाहिलं. मग पुन्हा वर. शिक्का हवेतच. "बहिणी का तुम्ही?"

"हो" आणि "नाही" एकाच वेळी आले.

ती पुढे गेली. टेबलापर्यंतची ती दहा पावलं तिला पुढे जन्मभर आठवणार होती. पाठमोऱ्या बाईच्या शेजारून जाताना गार वाटलं, ट्रंक उघडल्यावर आतून येतो तसला वास आला, जुन्या कागदाचा. तिने त्या चेहऱ्याकडे बघायचं टाळलं. आईच्या ट्रंकेतला दाखला टेबलावर ठेवला. "जन्म सतराचा. हे मूळ. नक्कल करताना चूक झाली. चूक माझी आहे."

"आणि तुम्ही कोण?"

तिने दाखल्यावर बोट ठेवलं. "मी याची."

अधिकाऱ्याने दाखला उजेडाला धरला, शिक्का तपासला, कडा तपासल्या. तो हुशार नव्हता, पण त्याच्या खात्यात हुशारी लागत नाही, जुळणी लागते. आणि इथे एका बाईचे सगळे कागद जुळत होते आणि दुसरीकडे एकच कागद होता, तो मात्र अस्सल. त्याने खुर्चीतल्या बाईला विचारलं, "या म्हणतात ते बरोबर आहे का? जन्म सतराचा?"

काका म्हणाले होते तेच झालं.

"हो," ती म्हणाली.

अधिकाऱ्याने सुस्कारा टाकला. लाल शाईने सोळाचा सतरा केला, पाचही कागदांवर, शेजारी आद्याक्षरं घातली. "एकाच जागेसाठी एकच जण जाईल," तो म्हणाला. "ते तुम्ही दोघींनी ठरवा. मला फक्त सही हवी. इथे." त्याने कागद सरकवला. त्यावर सहीची एकच ओळ होती.

तिने सही केली. सरळ अक्षरात. सही जरा वाईट आली, पण तिचीच आली.

मग ती वळली आणि पहिल्यांदा तिच्याकडे बघितलं. चेहरा तोच. डाव्या भुवईतला व्रण होता. ओठ किंचित उघडे, पुढच्या प्रश्नाची वाट बघणारे. डोळ्यांत राग नव्हता, दुःख नव्हतं. दोन स्वच्छ पानं होती. बाईला वाटलं होतं आपण हिला घालवून देऊ, ओरडू, निदान कुठून आलीस तरी विचारू. पण तिच्या तोंडून आलं ते भलतंच, महिनाभर छातीवर बसलेलं.

"घरी आई एकटी असते. जाशील?"

"हो."

"तिचे गुडघे दुखतात. रात्री तेल लावावं लागतं."

"हो."

"कोर्टात माझ्या जागी?"

"हो."

एवढंच. छत्री हाताला अडकवून ती उठली. खुर्ची वाजली नाही. काचेच्या दारातून ती बाहेर पडली आणि उन्हात चालत गेली, कालच्या दिशेने की उद्याच्या, देव जाणे.

बरहुकूमबाई परदेशी गेली. नक्कल विभागात तिच्या रजेचा अर्ज आलाच नाही, कारण जागा रिकामी कुणाला दिसलीच नाही. होकाका निवृत्तीला दोन वर्षं असताना दुसऱ्या विभागात बदली मागून गेले. जाताना म्हणाले, "दोघंही हो म्हणायला लागलो तर रुजवात कसली." तिथे ते आता नाही म्हणतात, असं ऐकिवात आहे. काकूंनाही म्हणून पाहिलं होतं म्हणे, एकदाच.

तिकडे तिचं बरं चाललं होतं. खोली लहान, खिडकीबाहेर विटांची भिंत. वर्गात ती पहिल्या बाकावर बसे आणि म्हणे, पटलं नाही, आणि खरंच त्याचे मार्क मिळत. फक्त तिथेही अटी संपेनात. दर दोन महिन्यांनी कुठलासा फॉर्म, त्यावर चौकटींची रांग. हजर आहात का? हो. तोच पत्ता आहे का? हो. दिलेली माहिती खरी आहे का? चौकटीत खूण करायची, पुढे जायचं. 'नाही'च्या चौकटीत खूण केली की आणखी चार फॉर्म येत, म्हणून सगळेच 'हो'वर करत. तीही करू लागली.

रविवारी सकाळी ती आईला फोन करी. आई पहिल्या दिवसापासून एक खेळ खेळे. तब्येत, हवापाणी झालं की म्हणे, "काय गं, तुझा जन्म सोळाचाच ना?" मागे स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज येत असे, तो थांबे आणि तिकडून कुणी तरी गोड आवाजात म्हणे, "हो."

"नाही आई," ती फोनमध्ये म्हणे. "सतरा."

"बरं," आई म्हणे. "मग तूच. बोल." आणि मग दोघी पोटभर भांडत.

पहिले काही महिने 'नाही' आईचा प्रश्न संपायच्या आधीच येई. हल्ली तसं होत नाही. आई विचारते. स्वयंपाकघरातून 'हो' ऐकू येतं. मग बाई फोन कानाला धरून विटांच्या भिंतीकडे बघत बसते आणि जिभेवर पहिला जो शब्द येतो तो गिळते. तो गिळून दुसरा वर आणायला थोडा वेळ लागतो.

आईच्या ते लक्षात आलंय. पण ती काही म्हणत नाही. लांबचा फोन आहे, आवाज पोहोचायला वेळ लागायचाच, असं तिने शेजारणीला सांगून ठेवलंय. ती पदर ओढून घेते, फोन कानाशी घट्ट धरते, आणि थांबते.